‘सायकलचा शोध – मॅकमिलन, १८३९’ हे छापणं थांबवा

प्रति,
सामान्यज्ञानाच्या पुस्तकांचे लेखक व प्रकाशक
आणि स्पर्धा परीक्षांचे प्रश्नसंच तयार करणारे सर्व

सप्रेम नमस्कार.

एका भरती परीक्षेच्या सराव प्रश्नसंचात ‘सायकलचा शोध कोणी लावला?’ हा प्रश्न यंदाही आला. चार पर्यायांत कार्ल ड्राइस होता, कर्कपॅट्रिक मॅकमिलनही होता, आणि उत्तरतालिकेने मॅकमिलनला बरोबर ठरवलं. हरकत घेणाऱ्यांना सांगण्यात आलं, की सगळ्या पुस्तकांत हेच उत्तर आहे. ती पुस्तकं तुम्ही लिहिता आणि छापता, म्हणून हे पत्र तुम्हाला. उघडपणे लिहितोय, कारण ती विकत घेणाऱ्यांनीही हे वाचायला हवं.

माझा यात संबंध काय, ते आधी सांगतो. मी सायकली दुरुस्त करतो, जुन्या सायकली उघडून पुन्हा उभ्या करतो आणि शाळकरी मुलांना सायकलचं यंत्र समजावून देतो. हीच मुलं पुढे पोलीस भरती, तलाठी, वनरक्षक अशा परीक्षांना बसतात. तिथे एका गुणाने यादीतली जागा जाते. ज्याने शोधून, वाचून ड्राइसवर खूण केली त्याचा गुण कापला जावा आणि ज्याने यादी पाठ केली त्याला तो मिळावा, हे मला गप्प बसून सहन होत नाही.

आता मॅकमिलनबद्दल. माणूस खरा. स्कॉटलंडमधल्या डम्फ्रीसशायर परगण्यात, कीर गावाजवळच्या कोर्टहिल इथे त्याची लोहारशाळा होती. जन्म १८१२, मृत्यू १८७८. पण त्याने सायकल बनवली याला त्याच्या हयातीतला पुरावा कोणता? पेटंट नाही. चित्र नाही. त्याने बनवलेलं यंत्र शिल्लक नाही. ‘१८३९’ हे साल आलं ते त्याच्या मृत्यूनंतर, १८९०च्या सुमारास. जेम्स जॉन्स्टन नावाचा ग्लासगोचा धान्यव्यापारी स्वतः तीनचाकी सायकल चालवायचा आणि मॅकमिलनच्या नात्यातला होता. त्याने गावातल्या म्हाताऱ्यांच्या आठवणी गोळा करून हा दावा पुढे आणला. त्याआधी स्कॉटलंडमध्येच हे श्रेय लेस्माहेगोच्या गॅविन डाल्झेलला दिलं जात होतं.

दाव्याच्या बाजूने एक बातमी नेहमी पुढे केली जाते. जून १८४२मध्ये ग्लासगोच्या गॉर्बल्स भागात एका वाहनाचा धक्का लागून एक मूल पडलं आणि चालकाला पाच शिलिंग दंड झाला. ही बातमी खरी आहे. पण ती नीट वाचा. त्यात चालकाचं नाव नाही. तो डम्फ्रीसशायरचा एक ‘जेंटलमन’ असल्याचं म्हटलंय, आणि त्या काळातलं वृत्तपत्र गावच्या लोहाराला हा शब्द सहसा लावत नसे. चाकं किती होती याचा उल्लेख नाही. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे ती चाकं क्रँकच्या, म्हणजे फिरवायच्या दांड्याच्या, साहाय्याने हाताने फिरवली जात होती, असं बातमी सांगते. तुमच्या पुस्तकांतल्या ‘मॅकमिलनच्या सायकली’ला मात्र पायाने मागेपुढे ढकलायच्या दांड्या आहेत. त्या चित्रातलं यंत्र बहुतेक वेळा किल्मार्नॉकच्या थॉमस मॅककॉलच्या घडणीचं असतं, आणि मॅककॉलचं यंत्र १८६९चं आहे. म्हणजे नाव एकाचं, साल तिसऱ्याच माणसाने सांगितलेलं आणि चित्र तीस वर्षांनंतरचं.

मॅकमिलनने काही घडवलंच नसेल, असं मी म्हणत नाही. घडवलं असेलही. पण ‘असेल’वर एका गुणाचा प्रश्न काढता येत नाही.

ड्राइसच्या बाबतीत अशी अंधारात चाचपणी करावी लागत नाही. आजच्या जर्मनीतल्या बाडेन राज्याच्या वनखात्यातल्या या अधिकाऱ्याने १२ जून १८१७ रोजी मानहाइम शहरातून श्वेट्सिंगेनच्या रस्त्यावरच्या घोडे बदलण्याच्या ठाण्यापर्यंत आपलं यंत्र चालवत नेलं आणि परत आणलं. जाऊन-येऊन सुमारे १३ किमी, तासाभराच्या आत. समकालीन वृत्तपत्रांत त्याची नोंद आहे आणि १२ जानेवारी १८१८ रोजी बाडेन सरकारने त्याला अधिकृत हक्कही दिला. यंत्र लाकडी होतं, वजन साधारण २२ किलो, म्हणजे आपल्या काळ्या घोडासायकलीइतकंच. एकामागे एक दोन चाकं, पुढचं चाक वळवायला दांडा, कोपर टेकवायला आडवी फळी आणि मागच्या चाकाला दोरीने ओढायचा ब्रेक. पायांनी जमीन मागे ढकलत पुढे जायचं.

यावर हमखास येणारा आक्षेप म्हणजे ‘त्याला पायडल नव्हते, मग ती सायकल कशी?’ दोन चाकांवर तोल राहतो आणि तो हँडलने राखायचा असतो, हे मुळात कोणाच्या लक्षात आलं, हा खरा शोध. पायडल त्यानंतरची सोय. पटत नसेल तर एखाद्या लहान मुलाला सायकल शिकवून पाहा. दोन्ही पायडल काढून टाका, सीट इतकी खाली घ्या की तळवे जमिनीला पूर्ण टेकतील, आणि किंचित उताराच्या मैदानात मुलाला पायांनी ढकलत जाऊ द्या. पाय उचलून काही अंतर जायला लागलं की पायडल परत लावा. मागच्या बाजूच्या छोट्या चाकांनी मूल पायडल मारायला शिकतं, तोल शिकत नाही, कारण ती चाकं सायकलला कलूच देत नाहीत. पाय ढकलत जाणारं ते मूल नेमकं १८१७चं यंत्र चालवत असतं.

पायडल काढताना होणारी चूक इथेच सांगून टाकतो, कारण तीही तुमच्या एका प्रश्नाशी जोडलेली आहे. उजव्या पायडलचे आटे नेहमीसारखे असतात, डाव्याचे उलटे. न कळता डावा पायडल नेहमीच्या दिशेने सोडायला गेलं की तो आणखी आवळला जातो, आणि जोर लावला तर क्रँकमधले आटेच खराब होतात. लक्षात ठेवायला सोपं असं : १५ नंबरचा पाना पायडलच्या दांड्यावर वरच्या बाजूने बसवा. पान्याचं टोक मागच्या चाकाकडे ओढलं की पायडल सुटतो, पुढच्या चाकाकडे ढकललं की आवळला जातो. दोन्ही बाजूंना नियम एकच. ‘डाव्या पायडलचे आटे उलटे का?’ या प्रश्नाला एका पुस्तकात ‘घर्षणामुळे’ असं उत्तर दिलंय. ते चुकीचं आहे. पायडलच्या आतल्या छऱ्यांच्या घर्षणाची दिशा पाहिली तर आटे बरोबर याच्या उलट असायला हवे होते. खरं कारण असं की पायाचा भार क्रँकच्या दृष्टीने एका जागी राहत नाही. दर फेरीला तो पायडलच्या दांड्याभोवती पूर्ण फिरतो. दांडा आणि क्रँकचं भोक यांत केसभर जरी जागा असली तरी त्या फिरत्या दाबाने दांडा भाराच्या उलट दिशेने हळूहळू सरकत राहतो आणि सैल होतो. सरळ आट्यांचा डावा पायडल म्हणून चालता चालता गळून पडेल.

तुमच्या काही पुस्तकांत ड्राइसच्याही आधी, १७९० किंवा १७९१ साली, फ्रान्सच्या ‘काउंट द सिव्राक’ने सायकल केली असं असतं. हा काउंट अस्तित्वातच नव्हता. लुई बोद्री द सोनिए या फ्रेंच लेखकाने १८९१च्या आपल्या सायकलच्या इतिहासात तो जन्माला घातला. १८७०-७१च्या युद्धात जर्मनांकडून हरलेल्या फ्रान्समध्ये सायकलचं श्रेय जर्मन माणसाला देणं जड जात होतं. पुढे १९७०च्या दशकात झाक सेरे या फ्रेंच संशोधकानेच ही बनवाबनवी उघड केली. सिव्राकच्या नावाशी मिळतंजुळतं एक नाव कागदोपत्री आढळतं, पण ते १८१७ सालचं आणि चार चाकांच्या घोडागाडीच्या संदर्भातलं.

पण कागद तपासायच्या आधीच या यंत्राबद्दल शंका यायला हवी होती. पुस्तकातल्या चित्रात त्याची पुढची दोन्ही लाकडं सांगाड्याला ठोकलेली असतात, म्हणजे पुढचं चाक वळतच नाही. असं दुचाकी वाहन चालवता येत नाही. सायकल डावीकडे कलली की आपण नकळत हँडल डावीकडे वळवतो, चाकं शरीराच्या खाली येतात आणि तोल सावरतो. वळायलाच जागा नसेल तर पहिल्याच कलण्यात माणूस खाली. हा प्रयोग शाळेच्या मैदानात पाच मिनिटांत होतो. रिकामी सायकल जोरात ढकलून सोडा, ती बरंच अंतर स्वतःहून सरळ जाते. मग हँडल दोरीने दांडीला घट्ट बांधून तशीच ढकला. लगेच पडते.

याच प्रयोगातून दुसरं एक छापील उत्तरही दुरुस्त होईल : ‘चाकं भोवऱ्यासारखी फिरतात म्हणून सायकल पडत नाही.’ हँडल बांधलेल्या सायकलीची चाकंही तेवढीच फिरत होती, तरी ती पडली. चाकांच्या फिरण्याचा परिणाम आहे, पण तो एकटा पुरत नाही आणि अनिवार्यही नाही. २०११ साली डेल्फ्ट आणि कॉर्नेल विद्यापीठांच्या संशोधकांनी हा परिणाम रद्द करणारी उलटी फिरती चाकं बसवलेली एक छोटी सायकल केली, आणि तीही स्वतःचा तोल सांभाळत गेली.

लिओनार्दो दा विंचीचं चित्र तर आता काढूनच टाका. ‘कोडेक्स अटलांटिकस’ या त्याच्या कागदांच्या संग्रहातलं एक पान डागडुजीत सुटं झालं, त्यामागे सायकलचं रेखाटन सापडल्याचं १९७४ साली अगुस्तो मारिनोनी यांनी जाहीर केलं, आणि जगभर ते छापलं गेलं. पण लिओनार्दोचे अभ्यासक कार्लो पेद्रेत्ती यांनी १९६१ सालीच ते पान प्रकाशासमोर धरून पाहिलं होतं. त्यांना तेव्हा फक्त वर्तुळं आणि काही रेषा दिसल्या होत्या, सायकल नव्हती. १९९७ साली सायकलच्या इतिहासाचे अभ्यासक हान्स-एर्हार्ड लेसिंग यांनी ही नंतर कोणीतरी केलेली भर असल्याचं मांडलं. लेसिंग यांचंच एक अनुमान आपल्याकडे ठाम सत्य म्हणून फिरतंय : तांबोरा ज्वालामुखीमुळे १८१६चं पीक बुडालं, घोडे मेले, म्हणून सायकल आली. ते अनुमान आहे, विचार करण्याजोगं आहे. पण ड्राइसने घोड्याविना चालणारी चारचाकी गाडी १८१३मध्येच केली होती. ‘कारण’ या रकान्यात तांबोरा ठामपणे छापू नका.

पुढचा टप्पा तुमच्या याद्यांत गायबच असतो. पायडल बसले ते १८६०च्या दशकात, पॅरिसमध्ये, थेट पुढच्या चाकाच्या आसाला. तिथेही श्रेयावरून वाद आहे, कारण पिएर मिशोच्या कारखान्याने ही वाहनं बाजारात आणली, पण पेटंट घेतलं ते अमेरिकेत गेलेल्या पिएर लालमाँने, २० नोव्हेंबर १८६६ रोजी. निदान ही तारीख पक्की आहे, ती छापता येते.

मग पुढचं चाक मोठं का झालं, हे मुलांना शिकवलं तर त्यांना गणितही येईल. आसालाच पायडल असल्यावर पायडलची एक फेरी म्हणजे चाकाची एक फेरी. ५२ इंची चाक एका फेरीत सुमारे ४.१५ मीटर जातं. जास्त वेग हवा तर चाक मोठं करा, पण चालवणाऱ्याचे पाय पायडलपर्यंत पोचतील त्याहून ते मोठं करता येत नाही. वर माणूस चाकाच्या आसाच्या जवळपास बरोबर वर बसलेला, त्यामुळे एखादा दगड लागला की डोक्यावरच पडायचा. चेनने हे कोडं सोडवलं. आपल्या २८ इंची काळ्या सायकलीला पुढे ४४ दात आणि मागच्या फ्रीव्हीलला १८ दात असतील, तर २८ गुणिले ४४ भागिले १८ म्हणजे ६८ इंचांहून थोडं जास्त. छोट्या चाकाची सायकल ६८ इंची चाकासारखी पळते, एका फेरीत सुमारे ५.४६ मीटर, आणि पाय जमिनीला टेकतात. कॉव्हेंट्रीच्या जॉन केंप स्टार्लीने १८८५ साली ‘रोव्हर’ आणली ती याच तत्त्वावर, आणि आज दारात उभी असलेली सायकल तिचीच वंशज आहे. ज्या सायकलवर आपण बसतो तिचा जनक विचारायचा असेल, तर उत्तराच्या सर्वांत जवळचं नाव हे. तुमच्या पर्यायांत ते बहुधा नसतंच.

हवेच्या टायरचंही थोडक्यात. डनलॉपचं पेटंट १८८८चं, पण रॉबर्ट विल्यम थॉमसनने तेच १८४५ साली नोंदवलं होतं, आणि ते लक्षात आल्यावर डनलॉपचं पेटंट बाद झालं. टायर प्रत्यक्ष वापरात आणला तो डनलॉपने. दोन्ही नावं लिहा.

चित्रांबद्दल स्वतंत्र तक्रार आहे. चेन मागच्या आणि पुढच्या अशा दोन्ही चाकांना जोडलेली सायकल पाठ्यपूरक पुस्तकांत दिसते. तशी चेन असती तर हँडल वळलंच नसतं. चेन डाव्या बाजूला दाखवलेली असते, ती नेहमीच्या सायकलला उजवीकडे असते. चिमटा, म्हणजे पुढचं चाक धरणारा दुहेरी दांडा, मागे वाकलेला किंवा अगदी सरळ काढलेला असतो. तो खाली पुढच्या बाजूला झुकलेला हवा. हँडलच्या नळीची तिरकी रेषा मनाने जमिनीपर्यंत वाढवा, ती चाक जिथे टेकतं त्याच्या पाचसहा सेंटीमीटर पुढे पडते. त्या अंतरामुळे चाक दिशेमागे ओढलं जातं आणि सायकल सरळ चालते. चित्रकाराला एक खरी सायकल समोर उभी करून द्या, एवढंच पुरे.

आणि महाराष्ट्राच्या मुलांना विचारण्यासारखं कितीतरी आहे. मुंबईच्या बॉम्बे वेटलिफ्टिंग क्लबचे सहा पारशी तरुण ऑक्टोबर १९२३मध्ये सायकलवर जगप्रवासाला निघाले. अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे सुमारे ७१,००० किमी पूर्ण करून मार्च १९२८मध्ये परतले. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन हे बंधू २०१५ साली अमेरिका आडवी पार करायची ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही सायकल शर्यत दोघांच्या संघात पूर्ण करून आले. २०१७ साली नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी तीच शर्यत एकट्याने पूर्ण केली. पुण्याची वेदांगी कुलकर्णी विशीत, २०१८ साली, सायकलवर २९,००० किमीची पृथ्वीप्रदक्षिणा करून आली. तमिळनाडूत पुदुकोट्टई जिल्ह्यात १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला साक्षरता चळवळीतून ग्रामीण बायका हजारोंनी सायकल शिकल्या. यातलं काहीही विचारा. उत्तरं पक्की आहेत आणि मुलांना आपली वाटतील अशी आहेत.

माझ्या मागण्या अशा :

१. पुढच्या आवृत्तीत ती एक ओळ काढून तीन ओळी छापा. १८१७ – कार्ल ड्राइस, हँडलने वळणारं पहिलं दुचाकी वाहन. १८६६ – पिएर लालमाँ, पुढच्या चाकाला पायडल असलेल्या सायकलचं पेटंट. १८८५ – जॉन केंप स्टार्ली, मागच्या चाकाला चेन असलेली ‘रोव्हर’.

२. मॅकमिलनचं नाव ठेवायचंच असेल तर पुढे लिहा : ‘श्रेय दिलं जातं, समकालीन पुरावा नाही.’ सिव्राक आणि लिओनार्दो वगळा.

३. ‘सायकलचा शोध कोणी लावला?’ हा मोघम प्रश्न परीक्षेत नको. विचारायचा तर कोणता भाग, कोणतं साल, हे प्रश्नातच स्पष्ट करा. जिथे हा प्रश्न येऊन गेला आहे तिथे तो रद्द करून सर्वांना समान गुण द्या, आणि हरकतीसाठी पैसे घेतले असतील तर ते परत करा. ‘पुस्तकात असंच आहे’ हे हरकत फेटाळण्याचं कारण होऊ शकत नाही. पुस्तकाने ते कुठून घेतलं, हे तपासणं उत्तरतालिका करणाऱ्याचं काम आहे.

४. विकल्या गेलेल्या प्रतींसाठी एक पानी शुद्धिपत्र काढा. ते पुस्तकविक्रेत्यांकडे ठेवा आणि अभ्यासिकांना पाठवा, कारण बहुतेक मुलं तिथल्या जुन्या प्रतींवरच अभ्यास करतात.

५. यंत्राबद्दलचे प्रश्न छपाईला जाण्याआधी एखाद्या जाणत्या कारागिराला दाखवा. प्रत्येक तालुक्याच्या गावी असा माणूस आहे. हे काम मी स्वतः विनामूल्य करायला तयार आहे.

नव्या आवृत्त्या जूनमध्ये बाजारात येतात, त्यांची छपाई त्याआधी सुरू होते. शुद्धिपत्राला तेवढाही वेळ लागत नाही. तुमच्यापैकी ज्यांना वरच्या एखाद्या विधानावर आक्षेप असेल त्यांनी तो पुराव्यासह उघडपणे मांडावा. चूक माझी असेल तर ती याच ठिकाणी दुरुस्त करीन.

आपला,
सायकल दुरुस्ती करणारा आणि शिकवणारा एक वाचक